आदरणीय पाहुणे

ताई: आधी कपाटातून बाहेर ये.

धाकटा: रेकॉर्डिंग चालू आहे, ताई.

ताई: असू दे चालू. घरोघरच्या टीव्हीची दुखणी बरी करणारा माणूस स्वतः टांगलेल्या कोटांमध्ये बसून बोलतो, हे तुझ्या प्रेक्षकांनाही कळू दे.

धाकटा: कोट आवाज शोषून घेतात. स्टुडिओवाले भिंतींना स्पंज लावतात, आपल्याकडे बाबांचे कोट आहेत. दार लाव ना, प्लीज. घुमतंय.

ताई: दार नाही लावणार. टीव्हीला काय झालंय ते सांग.

धाकटा: बंद करून पुन्हा चालू केलास?

ताई: मी तुझ्या सदराची वाचक नाहीये. सख्खी बहीण आहे.

धाकटा: वाचकही आधी असेच चिडतात. मग बंद करून चालू करतात आणि आभार मानतात.

ताई: केला बंद. केला चालू. निळा पडदा आला आणि त्यावर अक्षरं आली, ‘आदरणीय पाहुणे, आपले स्वागत आहे. आपला मुक्काम सुखाचा होवो.’ आणि बाबांनी त्याला हात जोडले.

धाकटा: टीव्हीला?

ताई: टीव्हीला. म्हणाले, इतक्या अदबीने या घरात हल्ली माझ्याशी कुणी बोलत नाही.

धाकटा: अपडेट आलं असेल.

ताई: मागेही तू अपडेटच म्हणालास. अपडेट रोज सकाळी अकराच्या ठोक्याला येतं?

धाकटा: अकराला काय येतं?

ताई: तुला कुठून माहीत असणार, तू तेव्हा घोरत असतोस. बातम्या चालू असताना मधेच पडद्यावर येतं, ‘चेक-आउटची वेळ झाली आहे. कृपया आपले सामान आवरावे.’ आणि बाबा आवरतात.

धाकटा: काय आवरतात?

ताई: सुरुवातीला चष्मा आणि पेपर आवरायचे. आता माळा आवरायला घेतलाय. परवा मला म्हणाले, टीव्हीसुद्धा सुचवतोय, आपण समजून घ्यावं.

धाकटा: ताई, आज एक जबरदस्त बातमी आलीये. गुंडाळता येणारा टीव्ही निघालाय. बघून झाला की सतरंजीसारखा गुंडाळायचा आणि—

ताई: तुला गुंडाळेन आणि माळ्यावर टाकेन, जागा झालीच आहे तिथे. विषय बदलू नकोस. मी रोज शिकाऊ लोकांना गाडी शिकवते. इंडिकेटर न देता वळणारा माणूस मला लांबून कळतो.

धाकटा: बरं. सांग.

ताई: बाबा आज नाटकाचं प्रॉम्प्टिंग सोडतायत.

धाकटा: काय?

ताई: आज तालमीला जाऊन संहिता आणि ती छोटी टॉर्च दिग्दर्शकांच्या हातात देणार आहेत. नेपथ्यवाले काका गाडी घेऊन येतायत त्यांना न्यायला. मी म्हटलं, बाबा, प्रयोग तोंडावर आलाय, निदान एवढा तरी करा. तर म्हणाले, ज्याला स्वतःचा टीव्ही शंभरावर ठेवून ऐकू येत नाही, त्याने विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं कशाला सांभाळावीत?

धाकटा: पण ते तर... आपण जन्माला यायच्या आधीपासून करतायत ते.

ताई: हो. आणि तू आत्ता कशावर बसलायस?

धाकटा: स्टुलावर. बाबांनीच दिलं. म्हणाले, तुझ्या कामाचं आहे.

ताई: विंगेतलं स्टूल आहे ते.

धाकटा: तरीच करकरत नाही.

ताई: उठलास का?

धाकटा: बसवत नाही आता.

ताई: मला त्यांची काळजी वाटायला लागली आहे रे. नुसते कान नाहीत. फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसतात. फ्रिजचं दार बंदच असतं, काही काढायचं नसतं, तरी डोळे मिटून बसून राहतात. काल मी कामावरून आले, दाराची कडी लावली, तर म्हणाले, पुन्हा लाव. लावली. म्हणाले, अजून एकदा, जरा सावकाश. आता हे वय आहे, की आणखी काही आहे?

धाकटा: माझ्याही दाराशी येऊन उभे राहतात. मी रेकॉर्डिंग करत असलो की हमखास. त्यांच्या चपलांचा आवाज यायचा मागे, चटक चटक.

ताई: म्हणून तू त्यांना त्या लोकरीच्या सपाता आणल्यास? मला वाटलं थंडीसाठी आणल्यास! मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचा धाकटा कसा वडिलांच्या पायांची काळजी घेतो!

धाकटा: ऊब तर मिळतेच ना त्यातून.

ताई: धन्य आहेस. बरं, आता माझं ऐक, आणि ओरडू नकोस. मीही एक उद्योग करून बसलेय. मीच गेल्या आठवड्यात दिग्दर्शकांना फोन केला होता. म्हटलं, बाबांना ऐकू येत नाही, ते स्वतःहून सांगणार नाहीत, तुम्ही गुपचूप दुसरी सोय बघून ठेवा. भर प्रयोगात फजिती व्हायला नको.

धाकटा: मग?

ताई: ते म्हणाले, सोय आहे. कुठल्यातरी सदरात वाचलं म्हणे त्यांनी. नटाच्या कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी बसवायचं, मोबाइलवरचं ॲप नाटक ऐकत राहतं, आणि नट गप्प झाला की पुढचं अख्खं वाक्य त्याच्या कानात बोलतं.

धाकटा: मी चार तारे दिले होते त्याला.

ताई: कशाला?

धाकटा: त्या शेंगदाण्याला. माझंच सदर आहे ते.

ताई: ...पाचवा का ठेवलास हातचा?

धाकटा: बॅटरी लवकर उतरते.

ताई: म्हणजे आपण दोघांनी मिळून त्यांना विंगेतून बाहेर काढलं. काय पण अपत्यं आहोत.

धाकटा: दोघांनी नाही. म्हणजे तुझा वाटा फोनपुरता. ताई, तू बस ना जरा.

ताई: कशावर? कोटावर?

धाकटा: टीव्ही बिघडलेला नाहीये. हॉटेल मोडमध्ये आहे.

ताई: म्हणजे?

धाकटा: प्रत्येक टीव्हीच्या पोटात काही छुपी सेटिंग्ज असतात. आपल्याकडच्या टीव्हीत एक हॉटेलांसाठी आहे. पाहुण्याने कितीही बटण दाबलं तरी आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जात नाही. पडद्यावरची पट्टी मात्र थेट शंभरापर्यंत सरकते. पाहुणा खूश, शेजारची खोलीही खूश. बाकी ते स्वागत आणि चेक-आउट त्याच्यासोबत फुकट येतं. ते बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही.

ताई: तू टाकलास तो हॉटेलात?

धाकटा: हो.

ताई: का?

धाकटा: मी हेडफोनचं परीक्षण करत होतो. बाहेरचा आवाज पूर्ण थोपवणारे. मी कॅमेऱ्यात बघून म्हणालो, ‘आता माझ्याभोवती आहे फक्त शांतता’, आणि मागून बाबांच्या मालिकेतली सासू ओरडली, ‘चालती हो माझ्या घरातून!’ लोकांनी तेवढाच तुकडा कापून सगळीकडे फिरवला. अजून फिरवतात.

ताई: मग सांगायचंस बाबांना, आवाज कमी करा म्हणून.

धाकटा: सांगायचो. ते करायचे. मग जाहिराती लागल्या की विसरायचे. पुन्हा सांगायचो, पुन्हा करायचे. मला सांगायचा कंटाळा आला.

ताई: कंटाळा आला म्हणून बापाला बहिरं केलंस?

धाकटा: मी टीव्हीला केलं. बाबा आपोआप झाले.

ताई: आणि त्यांना वाटायला लागलं की आपले कान गेले, तेव्हा? तेव्हा तुझी जीभ काय झडली होती?

धाकटा: ते एका दुपारी माझ्याकडे आले. रिमोट हातात. म्हणाले, शंभरावर आहे रे, तरी बारीकच येतोय. कानांचं काही झालं असेल का? मी सांगणारच होतो, ताई. तोंड उघडलं होतं मी. आणि तोंडातून निघालं, ‘वय झालं की होतं असं, बाबा.’

ताई: अरे देवा.

धाकटा: ते हसले. म्हणाले, बरं झालं तुला विचारलं, तुझा या विषयातला अभ्यास आहे.

ताई: बोलू नकोस. गप्प बस जरा.

धाकटा: गप्पच होतो महिनाभर.

ताई: पण आपण बोलतो ते त्यांना ऐकू येतं! मग त्यांना कळत कसं नाही?

धाकटा: कारण तू ओरडून बोलतेस.

ताई: ते बहिरे झालेत म्हणून ओरडते!

धाकटा: तालमीतही सगळे ओरडतात. नेपथ्यवाले काका तर घरात हातवारे करून बोलतात. म्हणजे त्यांना ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो, आणि त्यांना वाटतं की आपण ओरडतो म्हणूनच ऐकू येतं. सर्किट पूर्ण आहे. कुठेच तुटत नाही.

ताई: मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हणून किती मागे लागले! म्हणाले, नाटक पडलंय हे मला ठाऊक आहे, आता समीक्षा कशाला वाचून दाखवता? आणि तू शेजारी उभा राहून मान डोलावलीस!

धाकटा: डॉक्टर म्हणाले असते, कान उत्तम आहेत. मग टीव्हीवर संशय आला असता.

ताई: तू माणूस आहेस की रिमोट?

धाकटा: एक उपाय आहे. मी गुपचूप मर्यादा वाढवतो. रोज दोन-दोन अंकांनी. एकदम बरे झाले तर संशय येईल. तू रात्री त्यांच्या कानात कसलं तरी तेल घाल. त्यांना वाटेल तेलाने गुण आला. तुला श्रेय मिळेल.

ताई: गाडी आत्ता येईलच. तुझ्या दोन-दोन अंकांनी ते विंगेपर्यंत कधी पोचणार? ते काही नाही. आत्ता बाहेर जायचं, तो मोड काढायचा आणि आपल्या तोंडाने सांगायचं.

धाकटा: दोन्ही?

ताई: दोन्ही. पुढे हो. मी मागे आहे, पळायला रस्ता नाही. ...बाबा! ओ बाबा! हा टीव्ही बघायला आलाय!

बाबा: बाई, केवढ्याने ओरडतेस! म्हणजे ओरड, माझी ना नाही. पण थोड्या मायेने ओरड.

ताई: टीव्ही! बघायला! आलाय!

बाबा: येऊ दे की. बस रे. मी या बातम्यांच्या बाईंच्या ओठांवरून वाचायचा सराव करतोय. हवामान सांगतायत. उद्या काहीतरी पडणार आहे, एवढं नक्की कळलं. पाऊस की सरकार, ते अजून लागत नाहीये.

धाकटा: रिमोट द्या, बाबा.

बाबा: आता कशाला त्याच्या मागे लागतोस? त्याचा काय दोष? तो बिचारा शंभरापर्यंत ओरडतोय. मला तर त्याची दया येते.

धाकटा: एक सेटिंग बघायचंय.

बाबा: घे. माझं आवरून झालंय. संहिता घेतली, टॉर्च घेतली. टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत, जो कुणी घेईल त्याला अडचण नको. आता कुणी घेणार नाही म्हणा. यंत्र येणार आहे. दिग्दर्शक सांगत होते, फार हुशार आहे.

ताई: तुम्हाला सांगितलं त्यांनी?

बाबा: सांगितलं. लाजत होते बिचारे. मी म्हटलं, लाजता कशाला, बघू तरी काय करतं ते. तर म्हणाले, पूर्ण वाक्य सांगतं. तेवढंच मला जरा... असो.

धाकटा: तेवढंच काय, बाबा?

बाबा: काय म्हणालास?

धाकटा: तेवढंच! काय!

बाबा: अरे, पूर्ण वाक्य द्यायचं नसतं. मी इतकी वर्षं एका शब्दापुढे गेलो नाही. पहिला शब्द द्यायचा आणि गप्प राहायचं. पुढचं नटाला आपोआप येतं, कारण ते त्याच्या पोटात असतंच. अख्खं वाक्य दिलंस की ते त्याचं राहत नाही, तुझं होतं. आणि शब्द कधी द्यायचा, तर तो अडला असेल तेव्हा. थांबला असेल तेव्हा नाही. थांबलेला माणूस आणि अडलेला माणूस, लांबून सारखेच दिसतात. श्वास वेगळा असतो.

धाकटा: ते यंत्राला नाही कळत.

बाबा: शिकेल हळूहळू. तुझ्या त्या बातम्यांमध्ये रोज काहीतरी नवं शिकलेलं असतंच कुणीतरी. हे काय आलं पडद्यावर?

धाकटा: मेन्यू आहे.

बाबा: ‘या सुविधेसाठी कृपया हॉटेल व्यवस्थापकांशी संपर्क साधावा.’ ...कोण व्यवस्थापक?

ताई: हा काय, तुमच्यासमोर उभा आहे. रिमोट हातात घेऊन.

धाकटा: ताई!

बाबा: आपल्याकडे व्यवस्थापक असतो? मग मागच्या नळाला गरम पाणी येत नाही, ते कुणाला सांगायचं होतं?

धाकटा: बाबा, एक मिनिट. पासवर्ड मागतोय.

ताई: मग टाक की.

धाकटा: आठवत नाहीये.

ताई: तूच ठेवलास ना?

धाकटा: माझा वाढदिवस नाहीये. घराचा नंबर नाहीये. तुझ्या गाडीचा नंबर टाकून बघतो. ...नाही. ‘आपण नोंदणीकृत कर्मचारी नाही.’

बाबा: काय चाललंय तुमचं? माझं नाव टाकून बघ. मी पाहुणा आहे म्हणतो ना तो?

धाकटा: तुम्ही नाव टाकून काही होणार नाही, बाबा. पाहुण्याला परवानगी नसते.

बाबा: असं आहे होय.

ताई: अजून किती वेळ?

धाकटा: थांब. लागलं. अर्थात. हेच असणार.

ताई: काय होतं?

धाकटा: चार शून्यं. मी दर महिन्याला सदरात लिहितो, लोकहो, कृपा करून चार शून्यं ठेवू नका.

(टीव्ही खऱ्या शंभरावर सुटतो. शोकेसच्या काचा थरथरतात. वरच्या मजल्यावर कुणीतरी जमिनीवर काठी आपटायला लागतं.)

ताई: बंद कर! अरे, बंद कर!

धाकटा: रिमोट बाबांनी घेतला!

ताई: बाबा! खालचे लोक येऊन दार वाजवतील आता! आवाज कमी करा!

बाबा: राहू दे.

ताई: काय?

बाबा: राहू दे जरा. ही कोण बाई ओरडतेय?

धाकटा: भांड्यांच्या साबणाची जाहिरात आहे!

बाबा: किती छान ओरडतेय.

ताई: बाबा, लोक वर येतील!

बाबा: येऊ देत. ...आता पन्नासवर आणतो. येतंय ऐकू. आता वीस. ही काठी वरच्यांची ना? ती पण येतेय. आता दहा. जाहिरात संपली, दुसरी लागली, चहाची. पाच. येतंय. पाचावर येतंय! आता बंद करतो. कुणी बोलू नका. ...फ्रिज चालू आहे. त्याच्या मागे काहीतरी सैल झालंय, ते वाजतंय. ताई, श्वास घेताना तुझं नाक वाजतंय, सर्दी होणार तुला.

ताई: बाबा...

बाबा: हळू बोललीस आत्ता. आणि मला कळलं.

ताई: हो.

बाबा: म्हणजे मी ठीक आहे?

ताई: तुम्ही ठीक आहात. पहिल्यापासून.

बाबा: मग काय झालं होतं रे?

धाकटा: ते... काही मॉडेल्समध्ये काय होतं, आवाजाची एक वरची मर्यादा असते, ती कधीकधी फॅक्टरीतूनच—

बाबा: फॅक्टरीतून?

धाकटा: किंवा अपडेट येताना. म्हणजे एखादं सेटिंग आपोआप...

बाबा: आपोआप.

धाकटा: चुकून.

ताई: सांगतोस का मी सांगू?

बाबा: ताई, तू मधे बोलू नकोस. विंगेतून दोघांनी बोलायचं नसतं. ...हं. चालू दे तुझं.

धाकटा: तर टीव्हीमध्ये...

बाबा: टीव्ही नाही. ते वाक्य नाहीये पुढे.

धाकटा: बाबा...

बाबा: थांबलायस की अडलायस?

धाकटा: अडलोय.

बाबा: ‘मी.’

धाकटा: मी... मी केलं. मी लावलं ते सेटिंग, बाबा. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या मालिकेचा आवाज यायचा म्हणून. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मला माहीत होतं. तरी वय झालं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सांगेन म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ताईला सांगून टाकलंत, मग ती ओरडून बोलायला लागली, मग मीही ओरडून बोलायला लागलो. ओरडून खोटं बोलणं फार सोपं असतं, बाबा. आणि ते यंत्र, दिग्दर्शकांचं, ते माझ्याच सदरातलं आहे. मीच ते चांगलं आहे म्हणून लिहिलं होतं.

ताई: आणि फोन मी केला होता त्यांना. तुम्हाला न विचारता.

बाबा: हं.

धाकटा: बाबा, काहीतरी बोला.

बाबा: थांबलोय. अडलो नाहीये.

ताई: पाणी देऊ?

बाबा: नको. बरं का रे, मी त्या फ्रिजसमोर का बसायचो ठाऊक आहे? हिला वाटायचं माझं डोकं फिरलं.

ताई: मी असं कधी म्हटलं नाही.

बाबा: म्हणाली नाहीस, पण बघायचीस तशी. मला वाटलं, कान आता सगळेच जाणार. टीव्हीपासून सुरुवात झालीये, पुढे एकेक जाईल. मग म्हटलं, जायच्या आधी नीट ऐकून ठेवू. पाठांतर करून ठेवलं की पडदा पडला तरी आतल्या आत म्हणता येतं. म्हणून फ्रिज. हिची कडी. कडी लावताना ही आधी एकदा चुकते, मग लागते. वरच्यांचा नळ. आणि दुपारी तुझ्या दाराबाहेर उभं राहायचो. ‘नमस्कार मंडळी’ म्हणतोस ना तू सुरुवातीला? त्यात ‘मंडळी’वर तुझा आवाज थोडा वर जातो. लहानपणी हाक मारताना जायचा तसा. तेवढं झालं की निघून यायचो.

धाकटा: आणि मी तुम्हाला सपाता आणून दिल्या.

बाबा: हो. उबदार आहेत.

ताई: कशाला काढताय मग? लादी गार आहे.

बाबा: माझ्या जुन्या चपला कुठे आहेत?

ताई: माळ्यावर टाकल्यात तुम्हीच. आवरताना.

बाबा: काढून दे. वाजत्या चपला बऱ्या. माणूस कुठे उभा आहे ते घरच्यांना कळतं.

धाकटा: मी काढतो.

बाबा: तू राहू दे. ही काढेल. तुझ्यावर मी अजून रागावलोय, आणि मला ते उतरवायची घाई नाहीये. ओरडणार नाही. ओरडून या घरात खूप झालं.

धाकटा: हो, बाबा.

ताई: या घ्या. कोळिष्टकं झटकलीत. खाली हॉर्न वाजला वाटतं.

बाबा: नेपथ्यवालेच. तो आधी हॉर्न वाजवतो, मग ब्रेक लावतो.

ताई: मी सांगितलंय त्यांना, बदला ही सवय. पण बाबा, तिथे जाऊन सांगणार काय?

बाबा: सांगेन, काही दिवस हॉटेलात उतरलो होतो. सोय बरी होती.

धाकटा: मी आत्ता दिग्दर्शकांना फोन करतो. सांगतो, ते यंत्र परत करा, मी चुकीचं लिहिलं.

बाबा: फोन नको. तू चल.

धाकटा: मी? तिथे? काय करू?

बाबा: आत्ता जे बोललास ते बोल. सगळे आहेत आज. नट, दिग्दर्शक, प्रकाशयोजनावाले. महिनाभर माझ्याशी हातवारे करून बोलतायत बिचारी माणसं, त्यांनाही कळायला हवं ना.

धाकटा: सगळ्यांसमोर? बाबा, मला माणसांसमोर बोलता येत नाही. मी कपाटात बोलतो.

बाबा: दिसतंय ते. ते स्टूल घे बरोबर.

धाकटा: मी बसून बोलू?

बाबा: तू मधोमध उभा राहायचंस. स्टूल मला हवंय, विंगेत.